चार बोटं

दगडू मल्लावांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
उरलेलं अर्धं होडीच्या मोटारीनं नेलं.
जाळ्याचा आस ते त्याच हातानं मोजायचे.
चार बोटं सहज आत गेली पाहिजेत, म्हणायचे,
आणि कमी पडलेलं अर्धं
आम्ही मनातनं धरायचं.

माझे सासरे.
आता हात माझा.

कुगावच्या काठावर मी काटा धरते.
धरण भरलं की पाणी बाभळीला टेकतं,
मायनसमध्ये गेलं की मैलभर गाळ तुडवत
टोपली डोक्यावर आणायची.
तळाशी जुन्या गावाची जोती उघडी पडतात,
कुणाची चूल, कुणाचं जातं,
तिथनं चालताना पाय आपसूक बाजूनं पडतो.

चिलापी, रोहू, कटला, क्वचित एखादी वाम,
आणि गेली काही वर्षं नुसतं ‘बारीक’.
बारीकला नाव नसतं.
करंगळीएवढं, डोळे मोठे,
त्यात कटल्याचं पोर कुठलं नि रोहूचं कुठलं
ते त्याच्या आईलाच ठाऊक.
वाळवून पोत्यानं जातं कोंबडीच्या खाद्याला.
सासरे पोत्याला पाय लावायचे नाहीत.
म्हणायचे, पुढच्या साली जेवायचं ताट आहे हे,
आज उपडं केलंय.

सोसायटीची बैठक बर्फाच्या खोक्यांवर बसून झाली.
आषाढ-श्रावणात जाळं नाही,
एरवी आस चार बोटांचा.
हौसाबाई पतुले उठल्या, पदर खोचून:
‘ठराव शिजवून खायचा का दोन महिने?
त्या व्यापाऱ्याची उचल कोण फेडणार,
तुमचा शिक्का?’
कुणी बोललं नाही.
पाण्यावर एक बगळा उतरला, तेवढाच आवाज.

मग हिशेब मांडला, पाटीवर, खडूनं.
उचल घेतली की भाव त्याचा, काटा त्याचा,
आणि काट्यावरचा अंगठाही त्याचा.
बर्फ आपला असला तर टेंभुर्णीला आपण जाऊ,
सोलापूरच्या बाजारात आपण बसू.
बंदीच्या दोन महिन्यांसाठी
दर किलोमागं दोन रुपये डब्यात.
हौसाबाईंनी खडू मागितला,
दोनाचे तीन केले,
आणि खाली बसल्या.

डबा भरायला वेळ लागतो.
पहिल्या साली भाद्रपदाआधीच तळ दिसला.
दोघं जण साखर कारखान्यावर गेले,
एक परत आलाच नाही.

गेल्या मंगळवारी, पहाटे,
अंधारातच एक होडी काठाला लागली.
टोपलीवर ओलं गोणपाट.
मी बॅटरी मारली:
बारीक. पाच-सहा किलो, अजून तडफडणारं.
वर बघितलं तर माझा अंकुश.

‘आई, मोटारीचा हप्ता आहे.’
मला माहीत होता हप्ता.
जामीन माझीच सही.
काठावर चार बायका उभ्या होत्या,
चौघी दुसरीकडं बघत होत्या,
आणि तेच जास्त टोचलं.

जाळ्यात बोट घातलं. एकही जाईना.
टोपली जशी होती तशी पाण्यात पालथी केली.
निम्मं पोहत गेलं,
निम्मं पांढरं होऊन तरंगलं.
वहीत लिहिलं:
अंकुश सोपान मल्लाव, दंड पाचशे.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
चौथ्या दिवशी चार बोटी जाळं शिवायला बसला,
गाठ चुकली की माझ्याकडं न बघता
हात पुढं करायचा,
मी बोटं घालायची.

काल एक कटला आला, सव्वासहा किलो.
एका माशानं काय होतंय.
पण काटा खाली गेला तेव्हा
हौसाबाईंनी त्याच्या पोटावरनं हात फिरवला,
बाळंतिणीच्या फिरवावा तसा,
आणि भाव सांगायला विसरल्या.

ते बारीक जाळं जप्त करून मी घरी आणलं.
जाळायचं होतं, प्लॅस्टिकचा वास सुटतो.
म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यावर बांधलंय.
मांजर रोज संध्याकाळी येतं,
एकेका भोकात पंजा घालून बघतं.